कोणाच्या वावरात कोणाचा घाम

माझ्या दाजींनी एका जमिनीसाठी वीस वर्षं मोर्चे काढले. उपोषणं केली, पोलीस ठाण्यातला पाणचट चहा प्यायला, आणि एकदा तर कलेक्टर कचेरीसमोर भाषण करता करता ते चक्कर येऊन माइकसकट आडवे झाले. त्याच जमिनीत त्यांच्या घामाचा जवळजवळ मागमूस नाही, असं एका यंत्राने भर ग्रामसभेत जाहीर केलं, तेव्हा पहिली हसली ती माझी सख्खी बहीण चांगुणा. म्हणजे त्यांची बायको.

दाजींचं नाव दुंदाजी तळपे. गाव उंबरटेप, भीमाशंकरच्या डोंगराच्या मागच्या अंगाला. महादेव कोळ्यांची चाळीसेक घरं, उतारावर पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि ही सगळी खाचरं सरकारी कागदावर राखीव जंगल. पणजोबापासून भात पिकवायचा आणि कागदावर मात्र आपण जंगलात घुसलेले, असा तो प्रकार. मी जवळच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो आणि राहायला बहिणीकडे असतो. माझी स्वतःची जमीन पलीकडच्या खोऱ्यात आहे. त्यामुळे या प्रकरणात मला काही मिळणार नव्हतं, आणि ज्याला काही मिळणार नसतं त्याला सगळं नीट दिसतं.

वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं कचेरीत पडून होते. म्हाताऱ्यांनी साक्षी दिल्या, तर वनखातं म्हणायचं की म्हातारे काय वाटेल ते सांगतात. उपग्रहाचे फोटो काढले, तर त्यात ढग. मग सरकारने सगळ्या भांडणाचा एकदाच निकाल लावायचा म्हणून एक यंत्र आणलं. त्याचं सरकारी नाव 'मृदासाक्ष'. वासराएवढं, चार पायांचं, सोंडेसारखं नाक जमिनीला लावून चालणारं. उंबरटेपच्या कुत्र्यांनी त्याला पाहिल्याबरोबर आपल्यातलाच कोणी चुकार समजून हुसकायचा प्रयत्न केला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं हुंग्या, आणि प्रांत मॅडमसुद्धा पुढे तेच म्हणू लागल्या.

हुंग्या काय करतो ते ग्रामसभेला समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं ते असं. माणूस कष्ट करतो तेव्हा घामाबरोबर त्याच्या कातडीच्या बारीक पेशी गळतात आणि त्यांच्यावर राहणारे जिवाणूही. प्रत्येकाच्या अंगावरची ही जिवाणूंची वस्ती निराळी असते, सख्ख्या भावांचीसुद्धा. उघड्यावर हे सगळं ऊनपावसात नाहीसं होतं. पण चिकणमातीच्या कणाला त्यांचा डीएनए एकदा चिकटला की तो पन्नास पन्नास वर्षं टिकतो. वावरातली माती आपण दरवर्षी चिखलणी करून घुसळतो, त्यामुळे तिथलं काही वाचता येत नाही. ताल, म्हणजे खाचराचा बांध, मात्र कोणी घुसळत नाही. म्हणून हुंग्या खाचराच्या तालाला बोटभर भोक पाडतो आणि आतली माती थराथराने वाचतो, आणि प्रत्येकाच्या हातावरून घेतलेल्या नमुन्याशी ताडून पाहतो.

मग एकाने विचारलं की कुठला थर कुठल्या सालचा हे त्या वासराला कसं कळणार. हा प्रश्न मला फार आवडला. आपण दर उन्हाळ्यात राब भाजतो, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण जाळतो. त्याची राख पहिल्या पावसांबरोबर वाहत येऊन तालाच्या पायथ्याशी साचते. एक काळी रेघ म्हणजे एक वर्ष. राब भाजतो म्हणून वनखात्याने ज्यांना दंड केले, त्यांची वर्षं आता ती राखच मोजणार होती. हे ऐकून म्हातारी माणसं खूश झाली.

नियम साधा होता. तालात ज्याचा घाम सर्वात जास्त, तो त्या खाचराचा कसणारा आणि जमीन त्याच्या नावे. यंत्राचा निकाल मान्य आहे का, असं प्रांत मॅडमनी विचारलं तेव्हा अख्ख्या वाडीने दोन्ही हात वर केले. घामाची उंबरटेपला काय कमी? दाजींनी तर आभाराचं भाषण सुरू केलं, आणि ते संपेपर्यंत हुंग्याची बॅटरी उतरली.

या मॅडमचं नाव सरोज डहाके. अमरावतीकडच्या. सरळ बोलणाऱ्या, आणि जीपमधून उतरल्या की आधी पायातल्या सँडल काढून बूट घालणाऱ्या. त्यांनी तेव्हाच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. ज्या जमिनीला यंत्राच्या निकालाप्रमाणे मालक मिळणार नाही, ती बेवारस ठरेल आणि कार्बनवनाला जाईल. म्हणजे तिला तारेचं कुंपण पडेल, आत झाडं लागतील, आणि त्या झाडांनी किती धूर गिळला त्याचे पैसे दूरची कुठलीतरी कंपनी मोजेल. आत जायचं नाही, सरपण आणायचं नाही, हिरडा वेचायचा नाही. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मालक मिळणार नाही, असं वाटायला जागाच नव्हती.

हुंग्या ताल तपासायला परत यायला महिनाभर होता, आणि त्या महिन्यात शहाणी माणसं कशी बिघडतात ते मी पाहिलं. बारकू केंगले दुपारच्या उन्हात उघड्या अंगाने आपल्या तालावर लोळताना सापडला. घाम मुरवतोय, म्हणाला. चिकणमाती घाम धरते हे मी सांगितलं होतं, त्यामुळे दोष माझ्याकडे आला. एकीने आलेल्या पाहुण्यांना तालावरून चालायचं असेल तर मोजे घाला असं बजावलं. कोणी कोणाच्या वावरात पाय टाकायचा नाही, असा अलिखित हुकूम निघाला. रस्ता चुकलेली म्हैस आणायला गेलेल्या माणसाला शेजारी म्हणाला की म्हैस मी हाकलून देतो, तू तिथेच सावलीत उभा राहा आणि घाम येऊ देऊ नकोस.

आणि यातच त्या वर्षीची पडकई राहिली.

पडकई म्हणजे काय ते सांगतो. उन्हाळ्यात खाचरांचे ताल बांधायचे, ढासळलेल्यांची डागडुजी करायची. एकट्या घराचं हे काम नाही. म्हणून अख्खी वाडी मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या वावरात राबते. मजुरी नाही. उंबरटेपमध्ये त्याची एक शिस्त आहे. ज्याच्या वावरात पडकई, त्याच्या घरच्याने त्या दिवशी कुदळीला हात लावायचा नाही. त्यांनी रांधायचं, वाढायचं, पाणी पाजायचं. पाहुणे राबतात आणि मालक वाढतो. पिढ्यानपिढ्या हे असंच चालत आलेलं, श्वास घेण्याइतकं सवयीचं. म्हणूनच हुंग्या आला तेव्हा वाडीतल्या एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

निकालाचा दिवस. हिरड्याच्या झाडाखाली सगळी वाडी बसली होती. हुंग्या मधोमध उभा राहिला आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात बोलू लागला. बारकू केंगलेच्या तालात बारकूचा अंश नगण्य आणि तोही फक्त वरच्या थरात, गेल्या महिन्यातला. ती जमीन त्याच्या शेजाऱ्याची. शेजाऱ्याची जमीन भलत्याच तिसऱ्याची. तिसऱ्याची चौथ्याची. प्रत्येक नाव घेतलं की एक माणूस उठायचा, आपल्या जमिनीकडे बोट दाखवायचा आणि दुसऱ्याची जमीन मिळाल्याचं ऐकून खाली बसायचा. तळप्यांच्या खाचरात दुंदाजी तळपे यांचा अंश शेकड्याला दोनही नाही, असं आलं तेव्हाच चांगुणाआक्का हसली. ती म्हणाली की ते दोन भाषण करताना गळालेले असणार.

मग हसू थांबलं. कारण तळप्यांच्या जमिनीत सर्वाधिक घाम निघाला लुमाजी असवल्याचा. आणि लुमाजीच्या जमिनीत सर्वाधिक घाम दाजींचा.

हे दोघे चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सरपंचाच्या निवडणुकीत लुमाजी एका मताने पडला, आणि ते एक मत कोणाचं यावर त्याचा स्वतःच्या बायकोपासून सगळ्यांवर संशय घेऊन झाला आणि शेवटी तो दाजींवर येऊन ठरला. पण दुश्मनी असली तरी पडकईला जावंच लागतं. आणि दुश्मनाच्या वावरात गेलं की अंग चोरून कसं चालेल? उद्या तो चारचौघांत म्हणेल की आला आणि नुसता बसला. म्हणून दाजी, जे स्वतःच्या घरी पाण्याचा तांब्या उचलत नाहीत, ते लुमाजीच्या तालावर कुदळ घेऊन दोघांचं काम एकटे करायचे. लुमाजी तळप्यांच्या तालावर तसाच. त्या दोघांनी चौदा वर्षं एकमेकांवर काढलेला राग मातीत जसाच्या तसा साठला होता, आणि हुंग्याने तो अचूक मोजला.

घरी आल्यावर दाजी ओट्यावर बसले. त्यांच्या वडिलांनी मरताना एकच मागितलं होतं, की कुठल्यातरी सरकारी कागदावर जमिनीपुढे तळपे हे नाव एकदा लागावं. आता ते लागणार होतं. फक्त जमीन लुमाजीची असणार होती. आणि लुमाजीची जमीन कशी, तर तळप्यांच्या जमिनीहून मोठी आणि वरच्या अंगाला चैत्रातही न आटणारा झरा. दाजींनी त्या रात्री जेवण टाकलं नाही, उलट एक भाकरी जास्त खाल्ली, आणि मला काळजी वाटली ती त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन फिरायला निघाले आणि पाय आपोआप झऱ्याकडे वळले. पाणी बारमाही दिसतं, नाही का मास्तर, असं ते म्हणाले. इथे पाइप टाकला तर दोन पिकं निघतील, असंही म्हणाले. आपण काही चोरी करत नाही, शास्त्राने दिलंय, आणि शास्त्र तर तूच शिकवतोस, हेही म्हणून झालं. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर पाइपाची लांबी मीही मोजली असती, याचाही राग आला होता.

आक्काने संध्याकाळी एकदाच तोंड उघडलं. लुमाजीची बायको ठकूबाई तिची जिवाची मैत्रीण, नवऱ्यांचं बोलणं बंद झालं तरी यांचं कधी थांबलं नव्हतं.

"घ्या की जमीन," ती म्हणाली. "फकस्त एवढं सांगा, त्या झऱ्यावर म्या हंडा घेऊन गेले आन ठकू तिथं असली, तर आमच्यातली पावनी कोन?"

दाजी रात्रभर कूस बदलत राहिले, असं आक्का सांगत होती. पहाटे ते उठले, ट्रंकेतून नव्या नियमांचं पुस्तक काढलं आणि चष्मा लावून वाचत बसले. दाजींची कितीही टिंगल केली तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. कुदळ त्यांनी कधी घरी धरली नसेल, पण कायदा या माणसाला कलमवार पाठ होता. दिवस वर आला तेव्हा ते घरोघर जाऊन लोकांना गोळा करत होते. लुमाजीच्या घरी त्यांनी मला पाठवलं.

पुढच्या ग्रामसभेत दाजींनी ते कलम वाचून दाखवलं आणि डहाके मॅडमनी ते खरं असल्याचं मान्य केलं. यंत्राने नाव घेतलेल्या प्रत्येक माणसाने आपणहून सांगितलं की ही जमीन माझी नाही, आणि त्याचं पटेल असं कारण दिलं, तर सगळी जमीन मिळून ग्रामसभेच्या नावे होऊ शकत होती. मग जो तो आपलं खाचर पूर्वीसारखं कसायला मोकळा. मात्र सगळ्यांनी सोडायला हवी. एकानेही निकाल धरून ठेवला, तर त्याला ती जमीन मिळणार, आणि बाकीच्यांनी सोडलेली बेवारस ठरून कार्बनवनात जाणार.

मॅडम म्हणाल्या की नोकरीत जमीन माझी म्हणणारे त्यांनी हजारो पाहिले, माझी नाही म्हणायला रांग लावलेलं गाव पहिल्यांदा पाहतायत. त्यासाठी त्यांच्याकडे छापील कागदच नव्हता. त्यांनी कोरा घेतला.

पहिले दाजी उठले. मला वाटलं आता तासाची निश्चिंती. पण लुमाजीच्या झऱ्याची जमीन माझी नाही, त्याची आहे, एवढंच म्हणाले आणि बसले. माझ्या बहिणीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती रडतेय हे मला कळलं.

त्यांच्यामागून एकेक जण उठला. सगळ्यांनी सोडली, पण कारणं अशी की मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. ही जमीन माझी नाही कारण ती बारकूची आहे. बारकूची कशावरून? बारकूच्या बापाची होती. पण बारकूच्या बापाचा घाम तालात नाही. नसणारच, त्याची जमीन होती ना. मॅडमनी हे वाक्य तीनदा म्हणायला लावलं आणि तिन्ही वेळा ते आम्हाला बरोबर वाटलं, त्यांना नाही. असं कारण वर पाठवलं तर परत येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शेवटी राहिला लुमाजी. त्याच्या नावावर तळप्यांची जमीन निघाली होती, उंबरटेपमधली सर्वात सपाट खाचरं. त्याने नुसतं गप्प बसायचं ठरवलं असतं तरी ती त्याची होती. सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. दाजी तेवढे जमिनीकडे बघत होते.

लुमाजी सावकाश उठला. त्याने हुंग्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"यंत्र खोटं न्हाय बोलत," तो म्हणाला. "तालातला घाम माझाच हाय. म्या मिसरूड फुटल्यापासनं तिथं खणतोय. पन मॅडम, दरसाल ह्याची बायको माझ्या दारात येती. म्हनती, भावजी, उद्या आमची पडकई हाय, या. तवा म्या जातो. आपल्याच वावरात जायाला मानसाला कुनी बोलवाया लागतं व्हय?"

मॅडमची लेखणी थांबली. मग त्यांनी बारकूच्या जमिनीवर नाव निघालेल्या माणसाला उभं केलं आणि विचारलं, तुम्हाला तिथे कोणी बोलावलं होतं का. बारकूच्या आईने, तो लगेच म्हणाला. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. प्रत्येकाला कोण बोलवायला आलं होतं ते पाठ होतं, अगदी मेलेल्या माणसांच्या नावांसकट. अर्ध्या तासात कोरा कागद भरला. कोणाच्या वावरात कोणी राबलं त्याशेजारी, कोणी बोलावलं. आणि दुसऱ्या रकान्यातली नावं खाली उतरत गेली तसतसं सगळ्यांना दिसलं की ज्याची जमीन त्याच्याच घरचं नाव बरोबर त्याच्या जागेवर येतंय.

मॅडमनी खात्री म्हणून हुंग्याला विचारलं की मातीतून हे कळू शकेल का. हुंग्याने थोडा वेळ घुरघुर केली.

"क्षमस्व," तो म्हणाला. "हा घटक मृदेत आढळत नाही."

मॅडम म्हणाल्या की मग हे कारण पुरेसं आहे, कारण यंत्राकडे याला उत्तर नाही. त्यांनी सही केली.

दिवाळीनंतर कागद आला. वर लिहिलं होतं, ग्रामसभा उंबरटेप. खाली क्षेत्र, चतुःसीमा आणि शिक्के. वाडीने हुंग्याच्या नावाने नारळ फोडला. दाजींनी मात्र तो कागद दोन-तीनदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि घडी करून परत दिला. तळपे हे नाव त्यात कुठेच नव्हतं. वडिलांना काय सांगू, असं ते एकदाच, अगदी हळू म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात पडकई पुन्हा सुरू झाली. तळप्यांचा दिवस ठरला, पण आक्काने लुमाजीकडे जायला साफ नकार दिला. भर सभेत त्याने तुमची जमीन सोडली, आता तुमच्या तोंडाने बोलवा, असं तिने बजावलं. दाजींनी पाठदुखी, तालुक्याची बैठक, उन्हाचा ताप अशी सगळी कारणं काढून पाहिली. शेवटी मला सोबत घेऊन निघाले.

लुमाजी ओट्यावर बसून कुदळीला नवा दांडा बसवत होता. आम्हाला येताना त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दाजींनी मोर्चात खाकरतात तसं खाकरून घेतलं. हजारोंच्या सभा गाजवलेला हा माणूस घामाघूम झाला होता.

"लुमा," ते म्हणाले, "उद्या पडकई हाय. ये."

लुमाजीने मान वर केली नाही. दांडा ठोकत त्याने विचारलं, "कुनाची?"

दाजी थांबले. कागद त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार, त्यातली ग्रामसभा आणि त्यातले शिक्के. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

"माझी," दाजी म्हणाले.

"हां," लुमाजी म्हणाला, "मग येतो."

दाजींचे डोळे भरून आले. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, ते घामाचं निमित्त करून. वीस वर्षं ज्याच्यासाठी ते दारोदार ओरडत फिरले, ते आत्ता त्यांच्या दुश्मनाने बसल्या जागेवरून मान्य केलं होतं. घरी आल्यावर माझ्या दाजींनी उद्या पाहुण्यांना पाणी पाजायचा तांब्या स्वतःच घासायला घेतला.